इलेक्ट्रिक गाडी खरंच परवडते का? पूर्ण हिशेब कसा मांडायचा?

चाकोरी (प्रश्न)

इलेक्ट्रिक गाडीवरच्या बहुतेक चर्चा "किलोमीटरला किती स्वस्त" इथेच अडकतात. गाडीची जास्तीची किंमत, कर्जाचं व्याज, घरचं वायरिंग, बॅटरीचं वय हे सगळं धरून हिशेब कुणी मांडू शकेल का?

गृहीतकं अशी: छोटी पेट्रोल गाडी, गर्दीत-रिकाम्या रस्त्यावर मिळून लिटरला १५ किमी. वर्षाला १२,००० किमी, त्यातलं बहुतेक रोजचं ये-जा, ४० किमीच्या आत. रात्री गाडी ठरलेल्या जागी उभी, तिथपर्यंत वीज नेता येते. दर जागोजागी वेगळे असतात, म्हणून पैशांऐवजी पद्धत सांगितलीत तर कुणालाही आपापले आकडे घालता येतील. आणि साध्या प्लगवर भागतं की वेगळा चार्जर बसवावाच लागतो?

---

आकडेमोड

पैसे बाजूला ठेवायचे तर सगळं पेट्रोलच्या लिटरमध्ये मोजा, गोंधळ होत नाही.

छोटी इलेक्ट्रिक गाडी बॅटरीतल्या एका युनिटवर साधारण ७ किमी जाते. पण बिल येतं ते मीटरवरच्या युनिटांचं, आणि चार्ज करताना १० ते १५ टक्के वीज उष्णतेत जाते. म्हणजे मीटरच्या युनिटला ६.२ किमी धरा. १५ किमीला पेट्रोल लागतं १ लिटर, वीज लागते २.४ युनिट. तुमच्याकडे एका लिटरच्या किमतीत किती युनिट येतात ते बघा. आकडा २.४ च्या वर असेल तितका तुमचा फायदा. १२ युनिट येत असतील तर इंधनखर्च एक-पंचमांश होतो. रस्त्यावरच्या जलद चार्जरचा दर घरच्या पाचपट असेल तर मात्र तिथे पेट्रोलशी बरोबरी होते, बचत शून्य.

आता वर्ष धरू. १२,००० किमीला पेट्रोल ८०० लिटर. वीज सुमारे १,९३५ युनिट, १२ च्या प्रमाणात ती १६१ लिटरच्या किमतीची. बचत वर्षाला ६३९ लिटर. दोन गाड्यांच्या किमतीतला फरक समजा ४,००० लिटर पेट्रोलइतका आहे, तर सव्वासहा वर्षांत वसूल. चार्जिंगचा ३० टक्के भाग बाहेर तिप्पट दरानं झाला तर बचत ५४२ लिटरवर येते आणि सात वर्षं उलटतात. वापर वर्षाला ६,००० किमीच असेल तर साडेबारा वर्षं, २४,००० असेल तर तीनच. म्हणून कमी फिरणाऱ्यानं "वीज स्वस्त" एवढ्यावर गाडी घेऊ नये.

व्याज लोक हमखास विसरतात. तो फरक कर्जानं भरला, दर ९ टक्के आणि मुदत पाच वर्षं, तर त्या ४,००० वर साधारण ९८० लिटरचं व्याज चढतं. सव्वासहाची पावणेआठ वर्षं झाली! सरकारी सवलत असेल तर ती फरकातून आधीच वजा करा.

देखभालीत इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, स्पार्क प्लग, क्लच हे खर्च वाचतात. ब्रेक पॅडही जास्त टिकतात, कारण वेग कमी करताना बरंचसं काम मोटरच करते. उलट बाजूला टायर आहेत: गाडी त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा दोन-तीनशे किलो जड असू शकते आणि मोटरचा टॉर्क (चाक फिरवणारा जोर) पहिल्या क्षणापासून मिळतो, त्यामुळे टायर लवकर झिजतात. विम्याचा हप्ता विकत घेण्याआधी विचारा, बऱ्याच मॉडेलना तो जास्त असतो. कूलंट, ब्रेक ऑइल, केबिन फिल्टर आणि १२ व्होल्टची छोटी बॅटरी हे खर्च राहतातच. ती छोटी बॅटरी उतरली की मोठी पूर्ण भरलेली असूनही गाडी चालू होत नाही.

---

फेज_न्यूट्रल

प्लगबद्दल सांगतो, २३० व्होल्टचा पुरवठा धरून.

४० किमीला मीटरवरचे साडेसहा युनिट लागतात. १० अँपिअरवर तासाला २.३ युनिट मिळतात, म्हणजे तीन तासांत काम झालं. रात्रभर गाडी उभी असेल तर ७ किलोवॉटच्या वॉलबॉक्सची, म्हणजे भिंतीवरच्या वेगळ्या चार्जरची, गरज नाही. तो खर्च आणि त्यासाठी मंजूर भार वाढवण्याचा खर्च, दोन्ही वाचतात.

पण "साधा प्लग" म्हणजे भिंतीवरचा कुठलाही प्लग नव्हे. गाडीसाठी मीटर बोर्डापासून स्वतंत्र लाइन ओढा: ४ चौरस मिमी तांब्याची वायर, २० अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की तोडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा स्विच) आणि चांगल्या प्रतीचं १६ अँपिअरचं सॉकेट. आरसीसीबी 'ए' प्रकारचा घ्या. स्वस्तातला 'एसी' प्रकार डीसी अंश असलेली गळती नीट ओळखत नाही. पुढेमागे ३२ अँपिअरचा चार्जर बसवायची शक्यता असेल तर आत्ताच ६ चौरस मिमी टाका. वायरपेक्षा भिंत पुन्हा फोडण्याची मजुरी महाग पडते.

सॉकेट का जळतात? गीझर अर्धा तास चालतो, गाडी सलग आठ-दहा तास १३-१४ अँपिअर ओढते. स्क्रू जरा सैल असला आणि त्या जोडावर ०.१ ओहम रोध आला, तरी १४ अँपिअरला त्या एका ठिपक्यावर जवळजवळ २० वॉट उष्णता तयार होते. प्लास्टिक वितळायला तेवढी पुरते. म्हणून पहिल्या दिवशी तासाभरानं प्लगला हात लावून बघा. कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर लगेच बंद करा. दर सहा महिन्यांनी मेन बंद करून इलेक्ट्रिशियनकडून स्क्रू आवळून घ्या. एक्स्टेन्शन बोर्ड, मल्टिप्लग अजिबात नको.

गाडी चार्जच घेत नसेल तर बहुतेकदा दोष अर्थिंगचा असतो. अर्थ तुटलेली दिसली की केबलवरचा डबा चार्जिंग सुरूच करत नाही, आणि ते बरोबरच आहे. त्याला फसवायला न्यूट्रल आणि अर्थ जोडून देणारे महाभाग भेटतात. न्यूट्रल तुटली की गाडीच्या पत्र्यात करंट येतो, तेव्हा हे कुणालाही करू देऊ नका.

आणखी एक. गाडीच्या मेनूत करंट कमी करता येतो, पण तो ६ अँपिअरवर नेऊन ठेवू नका. चार्ज होताना गाडीची इलेक्ट्रॉनिक्स आणि पंप ठरावीक वीज खातातच. जितके तास जास्त, तितकी ती नासाडी जास्त.

---

दुसरा_गिअर

आकडेमोड यांचं गणित बरोबर आहे, पण ते नवीन गाडी घ्यायचीच आहे अशा माणसाचं आहे. ज्याची पेट्रोल गाडी कर्जमुक्त आहे आणि नीट चालते, त्याच्यासाठी फरक म्हणजे "नव्या गाडीची पूर्ण किंमत वजा जुनीचे येणारे पैसे". तो ४,००० लिटर नसतो, त्याच्या कितीतरी पट असतो आणि बचतीतून भरून निघत नाही. अशानं जुनी गाडी मोठा खर्च निघेपर्यंत वापरावी.

शिवाय पाच वर्षांनी बॅटरी बदलायची वेळ आली तर?

---

सेलबॅलन्स

पहिल्या मुद्द्याला +१. दुसरा पटत नाही.

बहुतेक कंपन्या बॅटरीवर ८ वर्षं किंवा १,६०,००० किमी, यांतलं जे आधी येईल ते, अशी हमी देतात, आणि क्षमता साधारण ७० टक्क्यांखाली गेली तर ती लागू होते. गाड्यांत मुख्यतः दोन प्रकारच्या लिथियम बॅटऱ्या असतात, एलएफपी आणि एनएमसी. एलएफपी सेल २,००० पूर्ण चक्रं (रिकामी ते पूर्ण भरलेली) सहज काढतात. ३० युनिटचा पॅक एका चक्रात २०० किमी नेतो, म्हणजे ४ लाख किमी. वर्षाला १२,००० किमीवाल्याची बॅटरी चालवून संपतच नाही, ती वयानं आणि उष्णतेनं थकते. २०१० साली आलेल्या पहिल्या निसान लीफच्या पॅकला द्रवानं थंड करण्याची सोय नव्हती, आणि उष्ण प्रदेशांत त्या गाड्यांची क्षमता झपाट्यानं घसरली. तेव्हा द्रव-शीतकरण आहे का हे विचाराच. एनएमसी बॅटरी रोज ८० टक्क्यांपर्यंतच भरा. एलएफपी मात्र आठवड्यातून एकदा १०० पर्यंत न्या: तिचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असल्यामुळे गाडीला शिल्लक चार्जचा अंदाज चुकतो, वर टेकल्यावर तो सुधारतो.

कमी बजेटवाल्यानं तीन-चार वर्षं जुनी इलेक्ट्रिक गाडी बघावी. पहिल्या वर्षांतली घसरण पहिल्या मालकानं सोसलेली असते, म्हणजे वरच्या गणितातला फरकच लहान होतो. फक्त डॅशबोर्डवरच्या रेंजवर विश्वास ठेवू नका, ती आधीच्या चालवण्यावरून काढलेली असते. क्षमता अशी मोजा: चार्ज १० टक्क्यांवर आणा, चार्जरवर किंवा सबमीटरवर रीडिंग घ्या, ९० टक्क्यांपर्यंत भरा. समजा २४ युनिट गेले. १२ टक्के घट वजा करून २१.१ उरले. ०.८ नं भागा, २६.४ आले. नवी असताना वापरण्याजोगी क्षमता ३० युनिट होती, तर आता ८८ टक्के शिल्लक. साध्या प्लगवर मोजत असाल तर घट १५ टक्के धरा.

खालून पॅकच्या आवरणाला पोचा नाही ना, हे लिफ्टवर चढवून बघा. एसी चालवून बघा, कारण बऱ्याच गाड्यांत बॅटरीही त्याच गॅसवर थंड होते. हमी नव्या मालकाच्या नावावर होते का हे लेखी घ्या. आणि जलद चार्जिंगचं सॉकेट तुमच्या भागात चालतं त्याच प्रकारचं आहे ना? जुन्या काही गाड्यांना चाडेमो नावाचं जपानी पद्धतीचं सॉकेट आहे, त्याचे चार्जर आता अनेक ठिकाणी कमी होत चाललेत.

---

चाकोरी

सगळ्यांचे आभार. लिटरची युक्ती झकास. वर्षातून चार-पाच वेळा ३०० किमीचा पल्ला असतो. त्यासाठी ४५ युनिटची बॅटरी घ्यावी का?

---

आकडेमोड

आधी लहान पॅकचं गणित करा. ताशी ११० च्या वेगात हवेचा रोध इतका वाढतो की युनिटला ७ ऐवजी ५ किमी मिळतात. पहिला टप्पा १०० वरून १० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ३० युनिटवर १३५ किमी. पुढचे टप्पे १० ते ८० मधले, १०५ किमीचे. ३०० किमीला दोन थांबे पडतात. ताशी ९० नं गेलात तर बहुधा एकच. ४५ वाल्याला पहिल्या टप्प्यातच २०० किमी मिळतात आणि एका थांब्यात काम होतं.

म्हणजे जास्तीचे १५ युनिट वर्षातून चार-पाच वेळा एकेक थांबा वाचवतात आणि बाकीचे दिवस नुसतं वजन म्हणून फिरतात. दोन पर्यायांच्या किमतीतला फरक लिटरमध्ये काढा आणि त्या चार-पाच प्रवासांना भाड्याची गाडी घेतली तर किती पडतं त्याच्याशी ताडून बघा. कडक थंडीच्या भागात राहत असाल तर गोष्ट वेगळी, तिथे रेंज २० ते ३० टक्के घटते आणि मोठी बॅटरी उपयोगी पडते.

वाटेत ८० टक्क्यांना केबल काढून निघा. शेवटच्या २० टक्क्यांना चार्जिंगचा वेग इतका पडतो की मिनिटावर पैसे घेणारा चार्जर असेल तर ते युनिट सगळ्यात महाग पडतात.