गोल्फ क्लॅश : ड्रायव्हर वाढवू की लाँग आयर्न? कार्ड्स दोन्हीची तयार आहेत, कॉइन्स एकाचेच

ऐरोलीचा_बंड्या

मंडळी नमस्कार, गोल्फ क्लॅश, तो मोबाइलवरचा गोल्फचा गेम, खेळणारं कोणी आहे का इथे. मी साधारण आठ महिने खेळतोय, रोज ठाणे ते तुर्भे जाता येता, घरी खेळलो तर बायको म्हणते खऱ्या गोल्फवाल्यांकडे गाडी असते तुझ्याकडे पास आहे. असो.

तर प्रश्न असा की माझ्याकडे एक्स्ट्रा माइल ड्रायव्हरची, म्हणजे पहिल्या लांब शॉटच्या क्लबची (काठीची), पुढच्या लेव्हलची कार्ड्स पूर्ण झालीयत आणि गोलायथची, म्हणजे लाँग आयर्नचीपण. दोन्हीवर अपग्रेडचं बटण हिरवं होऊन नाचतंय. पण कॉइन्स एकालाच पुरतील, आणि एक केलं तरी निम्म्याच्या वर खजिना रिकामा. ऑफिसमधला एक जण म्हणतो डोळे झाकून ड्रायव्हर कर, पॉवर वाढली की पार ५ ला, म्हणजे पाच शॉटच्या होलला, दोन शॉटमध्ये ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर. दुसरा म्हणतो काहीच करू नको, अपोकॅलिप्स हा वरचा ड्रायव्हर मिळेपर्यंत कॉइन्स साठव. तो अपोकॅलिप्स मला कधी मिळणार, वरच्या टूरमध्ये, म्हणजे जास्त फीच्या मॅचमध्ये, मी गेलो की दोन दिवसात कंगाल होऊन खाली येतो.

आणि अजून एक, हे जास्त डोक्याला ताप आहे. मागच्या महिन्यात मी हाच गोलायथ दोन लेव्हल चढवला, एकापाठोपाठ एक. तेव्हापासून माझा खेळ बिघडलाय. खरंच सांगतो. आधी वाऱ्यात बॉल पिनच्या, म्हणजे होलमधल्या झेंड्याच्या, आसपास पडायचा, आता शॉट मारताना हलणारी सुई मधोमध थांबवली, स्क्रीनवर परफेक्ट आलं, तरी बॉल वाऱ्याच्या बाजूला घरंगळतो. म्हणजे पैसे खर्च करून चांगला क्लब घेतला आणि शॉट वाईट? गेम मुद्दाम हरवतो असं काही आहे का? कोणाला अनुभव असेल तर सांगा, पुढचं अपग्रेड त्यावरच ठरवणार.

---

कोपरीचा_राजा

दोन्ही कर आणि मग रडत बस 😂

---

नौपाड्याचा_मामा

बंड्या, गेम हरवत नाहीये, तू जुन्या सवयीने खेळतोयस. थांब, नीट सांगतो, कारण मी स्वतः दोन महिने हाच गाढवपणा केला आणि तेव्हा मला सांगणारं कोणी नव्हतं.

टार्गेटभोवती ज्या रिंगा दिसतात ना, त्यावरून आपण वारा कापतो हे तुला माहीतच असेल, वारा जिकडून येतोय तिकडे टार्गेट सरकवायचं. किती रिंगा सरकवायचं हे क्लबच्या ॲक्युरसीवर, म्हणजे अचूकपणाच्या आकड्यावर असतं. पूर्ण अंतराच्या शॉटला खेळाडूंनी काढलेला हिशोब असाय की ॲक्युरसी १०० असेल तर एक रिंग म्हणजे ताशी १ मैल वारा, ५० असेल तर एक रिंग म्हणजे २ मैल, आणि मधलं सगळं त्याच प्रमाणात. म्हणजे १०० मधून तुझी ॲक्युरसी वजा कर, जे येईल त्याला ०.०२ ने गुण, त्यात १ मिळव. झालं.

आता समज तुझ्या गोलायथची ॲक्युरसी आधी ६० होती. म्हणजे एका रिंगेला १.८ मैल. वारा ८ चा असेल तर ८ भागिले १.८, साडेचारला जरा कमी. तू आठ महिने खेळून डोळ्याने शिकलास की ८ च्या वाऱ्याला साडेचार रिंगा, बरोबर? आता दोन लेव्हल चढवल्यास, समज ॲक्युरसी ७० झाली. रिंगेला १.६ मैल. तोच ८ चा वारा आता बरोब्बर ५ रिंगा मागतो. तू मात्र अजून साडेचारच देतोयस, कारण हाताला तेच वळण पडलंय. ती अर्धी रिंग कमी पडते म्हणून बॉल वाऱ्याबरोबर वाहत जातो. शॉट परफेक्टच होता, निशाणा चुकीचा होता.

ॲक्युरसी वाढली की टार्गेटचा गोल लहान होतो आणि रिंगा बारीक होतात, म्हणून जास्त मोजाव्या लागतात. क्लब सुधारला, हिशोब बदलला, आणि गेम हे कुठेच मोठ्याने सांगत नाही. हे आकडे मी समजायला सोपे म्हणून घेतलेत, तुझ्या कार्डवर जे असतील ते टाक.

आणि अंतर कमी केलंस, म्हणजे क्लबच्या पूर्ण टप्प्याच्या अलीकडे मारलंस, तर रिंगा कमी लागतात. आणि ग्रीन खाली असेल तर उतार जितके टक्के तितके टक्के वाऱ्यात वाढवायचे, १० टक्के खाली असेल तर ८ चा वारा ८.८ धरायचा, वर असेल तर उलट. मी हे सगळं बसच्या जुन्या तिकिटांच्या मागे लिहून पाकिटात ठेवलं होतं, कंडक्टरने एकदा तेच तिकीट म्हणून पंच करायला घेतलं.

---

ऐरोलीचा_बंड्या

मामा पाय कुठेत तुमचे. आत्ता क्लबचं कार्ड उघडून बघितलं, खरंच ॲक्युरसी वाढलीय आणि मी बापजन्मात तो आकडा बघितला नव्हता, मी फक्त पॉवरची पट्टी बघायचो. मग आता ड्रायव्हर केला तर त्याचीपण सवय मोडणार का?

---

नौपाड्याचा_मामा

मोडणार. पण अपग्रेडच्या पानावर कुठला आकडा वाढणारे ते बघ आधी. सगळ्या लेव्हलला सगळं वाढत नाही. कधी नुसती पॉवर आणि टॉप स्पिन वाढतो, ॲक्युरसी आहे तिथेच, मग रिंगांची सवय शाबूत राहते. जी लेव्हल तुला नको तेच वाढवत असेल त्याला घाईने कॉइन्स कशाला घालायचे.

---

घोडबंदर_डायरीज

मामांचं गणित बरोबरय पण मूळ प्रश्न राहिला की, ड्रायव्हर का आयर्न. माझं मत ऐक, थोडं कडू वाटेल.

ड्रायव्हर वाढवायची हौस सगळ्यांना असते कारण बॉल लांब गेला की छाती फुगते. पण बघ, हा गेम काय अठरा होलचा नाहीये, समोरासमोर एक होल, दोघांचं सारखं झालं तर पिनच्या जवळ कोणाचा जातो त्याची शूटआउट. म्हणजे मॅच ठरते ती शेवटच्या शॉटला. ड्रायव्हरने बॉल वीस यार्ड पुढे गेला आणि त्यामुळे दुसऱ्या शॉटला हातात वेगळा क्लब आला तरच त्या वीस यार्डांना किंमत, नाहीतर फेअरवेवर फुशारकी. त्यामुळे पार ५ ला दोन शॉटमध्ये पोचत असशील तर ड्रायव्हर कर, मी नाही म्हणत नाही. अर्धा यार्ड कमी पडून बॉल पाण्यात जात असेल तरी कर. पण बहुतेक लोकांचं तसं नसतं, ते दुसरा शॉट घालवतात.

आणि तो मित्र अपोकॅलिप्ससाठी साठव म्हणतोय त्याला विचार स्वतः किती लेव्हलचा आहे. वरच्या टूरच्या चेस्टमधूनच, म्हणजे जिंकल्यावर मिळणाऱ्या पेट्यांमधूनच, येतात ते क्लब आणि सुरुवातीच्या लेव्हलला अपोकॅलिप्स तुझ्या चढवलेल्या एक्स्ट्रा माइलपुढे काही दिवे लावत नाही. नवा क्लब मिळाला म्हणून लगेच बॅगेत टाकणारे मी खूप पाहिलेत. नावं भारी असतात सगळ्यांची. थॉर्स हॅमर, कॅटॅक्लिझम, एन्डब्रिंगर. आकडे बघायचे, नाव नाही.

कॉइन्सचं माझं आपलं एक घरचं पथ्य आहे, अपग्रेड केल्यावर ज्या टूरमध्ये खेळतो तिथली किमान दहा मॅचची फी उरली पाहिजे, नसेल उरत तर हिरवं बटण कितीही नाचू दे. तू वरच्या टूरला जाऊन कंगाल होतोस म्हणालास ना, ते क्लबमुळे कमी आणि हे पथ्य न पाळल्यामुळे जास्त.

जाता जाता, हा गेम इंग्लंडच्या प्लेडेमिक कंपनीचा, २०१७ चा, २०१८ ला बाफ्टा, म्हणजे ब्रिटनमधलं मोठं बक्षीस, घेतलं त्याने मोबाइल गेमचं, आणि २०२१ मध्ये ईए या मोठ्या गेम कंपनीने अख्खी कंपनी १.४ अब्ज डॉलरला घेतली. त्यातला थोडा वाटा आमच्या घरातून गेलाय, गणपतीचा बोनस जेम्समध्ये, म्हणजे गेममधल्या विकतच्या रत्नांत, घातला होता मी एकदा. आईला अजून माहीत नाही.

---

खारघर_सेक्टर१२

मी गेम कमी खेळते पण खऱ्या गोल्फचं थोडं बघितलंय, आमच्याकडे सिडकोचं खारघर व्हॅलीचं कोर्स आहे तिथे भाऊ शिकायला जातो आणि मी डबा घेऊन. त्याचं बघून सांगते. नियमाने बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब, गेममध्ये सात प्रकार, ड्रायव्हर वूड लाँग आयर्न शॉर्ट आयर्न वेज रफ आयर्न सँड वेज. भावाने पहिल्या महिन्यात सगळा वेळ ड्रायव्हरवर घालवला, बॉल दिसेनासा व्हायचा तेव्हा खूश. शिकवणारे सर काही बोलले नाहीत, नुसती एक वही दिली. प्रत्येक होलला कुठला क्लब मारला आणि कुठे घोळ झाला ते लिहायचं. दोन आठवड्यांनी वहीत ड्रायव्हरच्या नावापुढे दोनच फुल्या आणि शंभर यार्डाच्या आतल्या शॉट्सपुढे पान भरलेलं. तेव्हापासून हा पठ्ठ्या ड्रायव्हर कव्हर घालून ठेवतो 😄

वाऱ्यासाठी तिथे रिंगा बिंगा नाहीत हो, चिमूटभर गवत उपटतात आणि खांद्याच्या उंचीवरून सोडतात. दुपारनंतर डोंगराकडून वारा फिरला की ते गवत आधी पुढे जातं आणि मग परत पायाशी येतं, आणि हा माझ्याकडे बघतो जसं काय मी फुंकर मारली.

सांगायचं एवढंच की दादा तुम्ही पण वीस मॅच लिहून काढा ना. अंदाजाने विचारताय ड्रायव्हर की लाँग आयर्न, कदाचित दोन्ही नसेल.

---

कोपरीचा_राजा

ताईंचं पटलं. मी मगाशी मस्करी केली पण एक कामाचं सांगतो, फार वारा असेल त्या होलला वारा कमी लागणारा बॉल वापर, विंड रेझिस्टन्सवाला. अपग्रेडपेक्षा स्वस्त पडतो एका मॅचला. फक्त साध्या बॉलच्या रिंगा त्याला देऊ नको, मग उलट बाजूला जाशील.

---

ऐरोलीचा_बंड्या

मंडळी नऊ दिवसांनी आलोय, ताईंचं ऐकून वहीच केली, ऑफिसच्या पॅडची पाठकोरी पानं. वीस मॅच. लाँग आयर्नच्या रिंगा आता मामांच्या हिशोबाने मोजतो, पहिले दोन दिवस फोनचा कॅल्क्युलेटर उघडायला गेलो आणि शॉटची वेळ संपली, मग घरून निघतानाच ५ पासून १२ पर्यंतच्या वाऱ्याच्या रिंगा पेनाने तळहातावर लिहून घ्यायला लागलो. शेजारच्या काकांना वाटलं परीक्षेला चाललोय.

आता ऐका. वीसमध्ये अकरा जिंकलो, नऊ हरलो. नऊपैकी ड्रायव्हरमुळे एक. लाँग आयर्नमुळे एकही नाही, हिशोब सुधारल्यावर गोलायथ लोण्यासारखा चाललाय. रफ आयर्नमुळे दोन. एक ऐरोली रबाळेच्या मधे नेट गेलं म्हणून, ती क्लबच्या खात्यात नाही धरत. आणि उरलेल्या पाच, पाचही, शॉर्ट आयर्न. ज्याचं मी नावसुद्धा काढलं नव्हतं इथे. त्याची लेव्हल बघितली तर सगळ्यात खाली तोच, कारण त्याने बॉल लांब जात नाही म्हणून मी कधी पैसाच लावला नाही. बॅक स्पिन, म्हणजे पडल्यावर बॉलला मागे खेचणारी फिरकी, इतका कमी की बॉल पिनजवळ टेकतो आणि चालत चालत ग्रीनच्या बाहेर जातो, तीन वेळा एकाच होलला असं झालं, तिसऱ्यांदा मी बाकावरच ओरडलो "थांब रे", डब्यातले चार लोक थांबले.

तर ड्रायव्हर पण नाही, गोलायथ पण नाही. शॉर्ट आयर्नला अजून तीन कार्ड्स कमी आहेत, दोन चेस्ट लावल्यात उघडायला. घोडबंदरवाल्यांच्या दहा मॅचच्या पथ्यात बसतंय का तेपण बघितलं, बसतंय, आणि वर थोडे उरतायत.

मामा एक शंका, शॉर्ट आयर्नच्या पुढच्या लेव्हलला बॅक स्पिन आणि ॲक्युरसी दोन्ही वाढणारेत. म्हणजे तळहात परत पुसायचा ना?

---

नौपाड्याचा_मामा

पुसायचा. आणि या वेळी अपग्रेड केल्या केल्या खालच्या टूरला पाच मॅच खेळ, तिथे फी कमी. सवय तिकडे मोड, मग वर ये.