उबुंटू २०.०४ वर 'जीलिबसी_२.३४ नॉट फाउंड', आणि त्यावर मी घातलेला घोळ

सूतदलाल:
मंडळी, इचलकरंजीत आमची सुताची दलाली आहे. दुकानातल्या लॅपटॉपवर उबुंटू (लिनक्स) २०.०४ आहे. मुद्दाम बदलत नाही, कारण डॉट मॅट्रिक्स प्रिंटर त्यावर एकदाचा बसलाय, पुन्हा तो खेळ नको. गेल्या आठवड्यात बिलाचं सॉफ्टवेअर घेतलं. झिप आली, आत तयार बायनरी, म्हणजे थेट चालणारी प्रोग्रॅमची फाइल. टर्मिनलमधून चालवायची, यादी द्यायची, ती बिलांची पीडीएफ काढते. चालवली तर एकच रड: 'जीलिबसी_२.३४ नॉट फाउंड', म्हणजे प्रोग्रॅमांना लागणारी जीलिबसी ही पायाभूत लायब्ररी हव्या त्या आवृत्तीची नाही. विकणाऱ्याला फोन केला, तर म्हणे, "आमच्याकडे चालतंय की."

मग मीच शहाणपणा केला. भाच्याच्या लॅपटॉपवर २२.०४ आहे. त्यातली जीलिबसीची फाइल, लिबसी.एसओ.६, पेनड्राइव्हवर घेतली आणि सुडो (अॅडमिनचे अधिकार) लावून माझ्या फाइलवर कॉपी मारली. एंटर दाबलं आणि स्क्रीन जागच्या जागी थिजली. आता चालू करताना कर्नल पॅनिक, सिस्टिम सुरूच होत नाही. उधारीची अख्खी वही त्यात आहे हो. फॉरमॅट मारावं लागणार का?

जुनाखोड:
अजिबात नको. वही जागेवरच असणार. २०.०४ मध्ये लिबसी.एसओ.६ ही खरी फाइल नसते, लिबसी-२.३१.एसओ कडे जाणारी लिंक असते. तुमची कॉपी लिंकमागून गेली आणि मूळ फाइलच पुसली. एलएससारख्या साध्या कमांडपासून सुडोपर्यंत जवळपास सगळं तिच्याच जिवावर चालतं, म्हणून मशीन उभं राहीना.

२०.०४ चाच लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरूनच उबुंटू चालू होतं) बनवा, 'ट्राय उबुंटू' करा, लॅपटॉपची डिस्क माउंट करा, म्हणजे त्यातून उघडा. आधी वही बाहेर काढून घ्या, मग बाकीचं. पेनड्राइव्हच्या सिस्टिममधली लिबसी-२.३१.एसओ डिस्कवर त्याच जागी, त्याच नावाने टाका. मशीन उठलं की एप्टने (उबुंटूचं सॉफ्टवेअर बसवायचं साधन) लिबसी६ रीइन्स्टॉल करा.

आता मूळ दुखणं. जुन्या जीलिबसीवर बांधलेली (कंपाइल केलेली) बायनरी नव्यावर चालते, नव्यावरची जुन्यावर चालेलच असं नाही. तुमची २.३१, त्यांची २.३४ किंवा पुढची. ऑगस्ट २०२१ च्या २.३४ मध्ये पीथ्रेडसारख्या (थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममधली समांतर कामं, सांभाळणारी) वेगळ्या लायब्रऱ्या लिबसीतच घेतल्या आणि प्रोग्रॅम सुरू करून देणाऱ्या फंक्शनलाही २.३४ चा नवा शिक्का बसला. त्यामुळे नव्या मशीनवर नुसता 'नमस्कार' छापणारा चार ओळींचा सी प्रोग्रॅम बांधा, तोही २.३४ मागतो. विकणाऱ्याला सांगा, २०.०४ वर बांधून द्या. त्यांना तासाभराचं काम आहे.

रात्रपाळी:
ते देतील तेव्हा देतील. तोवर डॉकरमध्ये २२.०४ चा कंटेनर (मशीनच्या आत वेगळी ठेवलेली, स्वतःच्या लायब्रऱ्यांची छोटी सिस्टिम) उघडा, बायनरी त्यात चालवा, पीडीएफ सामायिक फोल्डरमध्ये टाकायला लावा. छपाई नेहमीसारखी बाहेरून, प्रिंटरला हात लावायचा नाही. फक्त डॉकर २०.१०.१० पेक्षा जुनं नको. नवी जीलिबसी थ्रेड काढायला क्लोन३ ही कर्नलची नवी हाक वापरते, जुनं डॉकर ते अडवतं आणि तुम्हाला भलतीच एरर दिसते. माझी अख्खी रात्र त्यात गेलीय.

सूतदलाल:
मशीन उठलं! वही सुखरूप, आणि आता दोन पेनड्राइव्हवरही आहे. भाच्याने डॉकर बसवून दिलं, बायनरी पहिल्याच झटक्यात चालली. पण बिलावर गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी नुसते चौकोन. आकडे, जीएसटी नंबर सगळं बरोबर. भाच्याच्या लॅपटॉपवर हीच बायनरी मराठी नीट काढते.

रात्रपाळी:
कंटेनर कोरा असतो, त्यात देवनागरी फॉन्टच नाही. आत शिरून एप्टने लोहित देवनागरी टाका आणि कंटेनर डॉकर कमिटने जपून ठेवा, नाहीतर नवा उघडला की पुन्हा चौकोन.

सूतदलाल:
आली नावं. सकाळपासून अडकलेली अकरा बिलं छापतोय, प्रिंटरचा आवाज बाहेरच्या चहावाल्यालाही ऐकू जातोय.