प्रतिसाद : शोक आणि विश्वास
खऱ्या विश्वासणाऱ्या ख्रिस्ती माणसाने संकटात शोक करू नये, असे वर एका सदस्याने लिहिले आहे. मला ते मान्य करता येत नाही. पंडिता रमाबाईंनी आईवडील, बहीण आणि भाऊ तरुणपणीच गमावले, १८८२ मध्ये पती वारले तेव्हा पदरात तान्ही मनोरमा होती, आणि हे सारे सोसल्यानंतर १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे सुखाच्या भरात त्या ख्रिस्ताकडे वळल्या, असे कोणालाही म्हणता येणार नाही. पुढे निराधार स्त्रियांसाठी त्यांनी उभारलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांचा उजवा हात झालेली मनोरमाही १९२१ मध्ये गेली. तरीही बायबलच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी सोडले नाही, आणि एप्रिल १९२२ मध्ये त्या निवर्तल्या. या चिकाटीमागे दुःख नव्हते, असे मी कधीच मानणार नाही. वधस्तंभावर येशूनेही बाविसाव्या स्तोत्रातील शब्दांत, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ असा आक्रोश केला. त्या आक्रोशातही देवाला तो ‘माझ्या’ म्हणतो, याकडे कृपया लक्ष द्यावे. आईला मूठमाती दिल्यानंतर कित्येक आठवडे मला याखेरीज दुसरी प्रार्थना सुचली नव्हती.