अनुभव धागा: सीडर पॉईंटला तुमच्या शेजारच्या सीटवर कोण होतं?

ओहायोतलं सँडस्की गाव मागे पडतं आणि गाडी कॉजवेवर लागते. दोन्ही बाजूंना पाणी, आणि समोर पाण्याच्या पलीकडे आभाळात चढलेल्या रुळांच्या कमानी. मागच्या सीटवरची भांडणं तिथे आपोआप थांबतात. आमच्या घरात गेली चौदा वर्षं उन्हाळ्यातला एक शनिवार सीडर पॉईंटचा, म्हणजे इथल्या रोलर कोस्टरच्या पार्कचा असतो. टोलेडोहून तासाभराचा रस्ता, त्यामुळे पहाटे उठायचीही गरज नाही, तरी सगळे उठतात.

एरी सरोवरात जिभेसारखी शिरलेली ही चिंचोळी जमीन. १८७० पासून लोक इथे पोहायला, हवा खायला येतायत. १९०५चं हॉटेल ब्रेकर्स अजून वाळूवर उभं आहे. कोस्टर नंतर आले, एकावर एक येत गेले.

पहिल्यांदा गेलो तेव्हा सासूबाई कोल्हापूरहून आल्या होत्या. वय एकसष्ट. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण आमचं दोघींचं बोलणं ‘चहा ठेवू का’ आणि ‘ठेव’ एवढंच. ब्लू स्ट्रीकसमोर त्या थांबल्या. तिथला सगळ्यात जुना चालू कोस्टर, १९६४चा, लाकडी. अठ्ठ्याहत्तर फूट उंच. सँडस्कीच्या हायस्कूलच्या संघावरून त्याचं नाव ठेवलंय. त्या म्हणाल्या, “जोतिबाच्या जत्रंत पाळण्यात बसलेय की मी. ह्यात काय!” पदराला पिना लावल्या, चपला घट्ट केल्या आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या. नवरा कॅमेरा घेऊन खाली.

पहिल्या उतारावर त्यांनी माझं मनगट धरलं. माझ्या बांगड्यांवर त्यांच्या पाटल्या दाबल्या गेल्या आणि त्याचे वळ संध्याकाळपर्यंत हातावर होते. उतरल्यावर पदर सावरत म्हणाल्या, “अजून एकदा.” परत येताना त्या पुढे मुलाशेजारी बसल्या नाहीत. मागे माझ्याजवळ बसल्या आणि टोलेडो येईपर्यंत माहेरच्या गोष्टी सांगत होत्या.

म्हणून हा धागा. किती राईड झाल्या, किती तास रांग होती ते नाही लिहिलंत तरी चालेल. तुमच्या शेजारी कोण होतं आणि खाली कोण थांबलं होतं, ते मात्र नक्की लिहा.

*

नोव्हाय, मिशिगन. एका मुलीचा बाबा

तिथल्या बऱ्याच मोठ्या कोस्टरना अठ्ठेचाळीस इंचांची अट आहे. बरोबर चार फूट. माझी लेक साडेसात वर्षांची असताना अर्धा इंच कमी भरली. मॅग्नमच्या दाराशी ती मोजपट्टीला पाठ लावून उभी राहिली, मान ताणली, श्वास रोखला. तिथल्या मुलाने गुडघ्यावर बसून पुन्हा एकदा नीट मोजलं. हाताची सपाट बाजू डोक्यावरून पट्टीपर्यंत नेली आणि हळूच मान हलवली. ती रडली नाही. मला म्हणाली, “बाबा, तू जा. मी आईबरोबर थांबते.”

तिथे पालकांसाठी आळीपाळीची सोय असते. एकाने राईड घ्यायची तेव्हा दुसऱ्याने मुलाजवळ थांबायचं, मग रांग न लावता अदलाबदल. मी गेलो. २०५ फुटांवर गाडी पोचली. खाली वाळू, पुढे नुसतं पाणी, पलीकडचा काठ दिसतच नाही. आणि शेजारची सीट रिकामी. एवढा सुंदर देखावा आणि मला कधी एकदा खाली जातो असं झालं.

पुढच्या वर्षी ती एकोणपन्नास इंच होती. त्याच सीटवर ती बसली. वर जाताना एक अक्षर बोलली नाही. शिखरावर पोचल्यावर म्हणाली, “तू मागच्या वेळी हे एकट्याने पाहिलंस?”

मला अजून त्याचं उत्तर सुचलेलं नाही.

*

डेटन, ओहायो

नोव्हायच्या दादांनी मॅग्नमचं लिहिलंय म्हणून. तो १९८९चा आहे. पूर्ण फेरीच्या कोस्टरमध्ये दोनशे फुटांच्या वर गेलेला जगातला पहिला. मी मेकॅनिकल इंजिनियर, आणि माझी बायको उंचीला घाबरणारी. तिला ‘काही होत नाही गं’ हे वाक्य अजिबात चालत नाही. का होत नाही ते सांगावं लागतं.

रांगेत उभे असताना मी तिला डब्याची चाकं दाखवली. प्रत्येक ठिकाणी तीन तऱ्हेची. रुळाच्या वर चालणारी, रुळाच्या बाजूला टेकलेली आणि रुळाच्या खालून धरणारी. डबा उंचवट्यावरून उडायला बघतो तेव्हा ही खालची चाकं त्याला धरून ठेवतात. जॉन मिलर नावाच्या माणसाने १९१९ साली त्याचं पेटंट घेतलं होतं. आणि चढताना ते खट् खट् खट् ऐकू येतं ना, तो त्याचाच आधीचा शोध: डब्याखालचा खटका एकेका दात्यावर पडत जातो, साखळी तुटली तरी गाडी मागे घसरत नाही. तो आवाज म्हणजे गाडी धरलेली आहे याची खूण.

ती डोळे मिटून बसली. वर जाताना प्रत्येक खटक्याला माझ्या हातावर बोटाने टिचकी मारत होती, मोजत होती. उतारावर काय झालं ते मला नीट आठवत नाही. त्या टिचक्या आठवतात.

*

कोलंबस, ओहायो. विद्यार्थी

माझं लिहिणं चुकलं तर समजून घ्या, मराठी आईकडून शिकलोय.

२०१९ मध्ये मी सोळा वर्षांचा होतो. आई आणि मी, दोघंच स्टील व्हेंजन्सच्या रांगेत. आधी तिथे मीन स्ट्रीक नावाचा लाकडी कोस्टर होता, १९९१चा. त्याचाच लाकडी सांगाडा ठेवून वर स्टीलचे रूळ घातले आणि २०१८ मध्ये हा सुरू झाला. सीटवरून उचलले जाण्याचा वेळ सगळा मिळून सत्तावीस सेकंद. मी महिनाभर त्याचे व्हिडिओ बघत होतो.

त्या रांगेत तेव्हा फोन नेता येत नव्हता. लॉकरमध्ये ठेवावा लागायचा. म्हणजे मी आणि आई, सव्वा तास, हातात काही नाही. पहिली दहा मिनिटं मी नुसता रुळांकडे बघत होतो. मग आईने सुरुवात केली. ती सातवीत असताना शाळेची सहल एस्सेलवर्ल्डला गेली होती, गोराईहून लाँचने खाडी ओलांडून. तिच्याकडे वीस रुपये होते आणि आजीने बजावलं होतं, की उरलेले परत आण. झिपर डिपरमध्ये तिच्या शेजारी वर्गातली एक मुलगी बसली होती. ती वर्षभर हिच्याशी बोलत नव्हती. उतरल्यावर दोघींनी मिळून एक कुल्फी घेतली. ती मुलगी म्हणजे माझी नाशिकची मावशी. मला वाटायचं ती खरी, रक्ताची मावशी आहे. सोळा वर्षं!

राईड जबरदस्त होती. पण मित्रांना सांगताना मी आधी कुल्फीचंच सांगतो.

*

धागाकर्ती

कोलंबस, तुझं मराठी उत्तम आहे. आईला हा धागा दाखव, आणि मावशीलाही.

*

क्लीव्हलंड. मी खाली थांबणारी

मला कानाचा त्रास आहे, साधा झोपाळासुद्धा चालत नाही. अकरा वर्षं मी सगळ्यांच्या पिशव्या, चष्मे, टोप्या सांभाळतेय. त्याबद्दल कुणी हळहळू नये, म्हणून मुद्दाम लिहितेय.

दुपारी आम्ही पार्किंगमध्ये येऊन डिकी उघडतो. पुऱ्या, बटाट्याची कोरडी भाजी, लसणाची चटणी. मग ते परत आत पळतात आणि मी मिलेनियम फोर्सच्या खाली बाक धरते. तीनशे दहा फूट. मुंबईच्या राजाबाई टॉवरहून उंच. त्याला साखळी नाही, केबलने गाडी सरसर वर जाते, म्हणून खटखट नसते. वर एक क्षण सगळं थांबल्यासारखं होतं, आणि मग ताशी ९३ मैल, म्हणजे दीडशे किलोमीटर.

त्या एका क्षणात मी माझी माणसं ओळखते. गाडीत छत्तीस जणं असतात, चेहरे दिसत नाहीत. आवाज मात्र कळतो. मुलगा ‘आई गं’ म्हणतो. हे काहीच बोलत नाहीत, नंतर खाली आल्यावर हसतात. दोन वर्षांपूर्वी मुलाचा आवाज फुटला आणि तेव्हा मला एका फेरीला तो ओळखूच आला नाही. मी बाकावरून उठून उभी राहिले होते.

*

ॲन आर्बर

आम्ही जूनच्या शेवटच्या आठवड्यात गेलो आणि सरोवरातून मेफ्लाय निघाल्या होत्या. ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांना सांगते: पंख काचेसारखे, शेपटीला लांब धागे, आणि दिव्यांवर, खांबांवर, बाकांवर, माणसांच्या पाठीवर, सगळीकडे. पायाखाली कुरकुर वाजतं. मेलेल्यांना मासळीसारखा वास येतो. हवामानाच्या रडारवर त्यांचे थवे ढगांसारखे दिसतात.

धाकटा घाबरून माझ्या कडेवर. मोठीने शाळेत शिकलेलं त्याला सांगितलं. त्यांना खायला तोंडच नसतं, त्या चावणार कशा? एक-दोन दिवसच जगतात. १९५०च्या दशकात पाणी इतकं घाण झालं होतं की या इथून नाहीशा झाल्या, नव्वदच्या दशकात परत आल्या. पाणी सुधारल्याची खूण आहे ती. मग धाकट्याने हात पुढे केला. एक येऊन मनगटावर बसली. तो जायंट व्हीलमध्ये तिला तशीच घेऊन बसला, म्हणाला, “ही माझ्या शेजारी.” वर गेल्यावर वाऱ्याने उडाली.

*

पिट्सबर्ग

आमच्या बाबांना कोस्टरची अजिबात हौस नव्हती. ते दौंडच्या लोको शेडमध्ये फायरमन म्हणून, म्हणजे वाफेच्या इंजिनात कोळसा टाकायला लागले, पुढे ड्रायव्हर झाले. पंच्याहत्तरीत आमच्याकडे आले होते. सीडर पॉईंटच्या गेटातून आत गेल्यावर त्यांनी चेहरा पाडला. एवढा गोंगाट, एवढं ऊन. मला वाटलं, यांना उगीच आणलं.

आणि शिट्टी झाली. खरी, वाफेची. तिथे १९६३ पासून छोटी रेल्वे आहे, कोळशावर चालणारी वाफेची इंजिनं. बाबा जागच्या जागी थांबले. नाक वर केलं. “कोळसा जळतोय,” म्हणाले. मग माझा हात सोडून ते इतक्या झपाझप चालायला लागले की मला मागे पळावं लागलं.

प्लॅटफॉर्मवर त्यांनी इंजिनाभोवती जेवढं जाता येईल तेवढं जाऊन पाहिलं. मला धूर दाखवला. “बघ, पातळ आहे, करडा. काळा आला तर समज कोळसा न जळताच चाललाय. हा पोरगा चांगला फायरमन आहे.” तो पोरगा म्हणजे विशीतला एक अमेरिकन मुलगा, तोंडावर काजळी. मी त्याला सांगितलं की माझे वडील भारतात हेच करायचे. त्याने हातमोजा काढला आणि हात पुढे केला. बाबांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी त्याचा हात उलटा करून तळवा पाहिला, फावड्याच्या घट्ट्यांवरून अंगठा फिरवला, आणि आपला तळवा त्याच्यासमोर धरला. निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली होती, तरी घट्टे होते.

त्या दिवशी आम्ही सहा फेऱ्या मारल्या. मुलं आणि बायको कोस्टरवर, आम्ही दोघं रेल्वेत. लहानपणी मी त्यांच्याबरोबर गाडीत कधी बसलोच नव्हतो. ते कायम इंजिनावर असायचे, आम्ही घरी. सहाही फेऱ्यांना ते खिडकीच्या बाजूला बसले आणि वळणावर वाकून पुढे इंजिनाकडे बघत राहिले.

बाबा गेल्या मार्चमध्ये गेले. धाग्यात हे बसतं का माहीत नाही, पण शेजारी कोण होतं असं विचारलंत म्हणून.

*

धागाकर्ती

बसतं. दोनदा वाचलं. यांनाही वाचून दाखवलं.

*

डेट्रॉईट

जेमिनी राहिला! १९७८चा, शेजारी शेजारी दोन रूळ, दोन गाड्या शर्यतीत सोडतात. माझा भाऊ आणि मी कधीच एका गाडीत बसत नाही. मी लाल, तो निळी. एका वळणावर दोन्ही गाड्या इतक्या जवळ येतात की समोरच्याचा चेहरा स्वच्छ दिसतो. तो आता सिॲटलला असतो. वर्षातून एकदा येतो, आणि त्या वळणावर ओरडून मला काहीतरी सांगतो. वाऱ्यात एक शब्द ऐकू येत नाही. खाली आल्यावर विचारलं तर सांगत नाही.

*

फोर्ट वेन, इंडियाना

सगळं वाचून काढलं. पुढच्या शनिवारी आम्ही जातोय. आई साताऱ्याहून आलीय, सदुसष्टची आहे, तब्येत ठणठणीत, डॉक्टरांनाही विचारून झालंय. काल तिला हे सगळे अनुभव वाचून दाखवले तर म्हणाली, “मला त्या पाटल्यावाल्या बाईंच्या गाडीत बसव.” कुठे बसवू? पुढे की मागे?

*

धागाकर्ती

ब्लू स्ट्रीक. मधला डबा. शेवटच्या डब्याला पुढचे डबे उतारावर ओढून नेतात, तो कड्यावरून जोरात फेकला जातो, पहिल्या वेळी तो नको. सकाळी गेट उघडल्यावर लगेच जा, रांग कमी आणि ऊनही कमी. पदराला किंवा ओढणीला पिना लावा, निदान चार. गळ्यातलं काढून ठेवा. चष्मा असेल तर दोरी बांधा किंवा खाली देऊन जा.

सासूबाई शेजारीच बसल्यात. आता पंच्याहत्तरच्या आहेत, त्यांचा निरोप: वर गेल्यावर डोळे मिटू नका म्हणावं, उजेडात पाणी फार छान दिसतं.