शब्दांविना हास्यचित्रांवर परीक्षण कसं लिहायचं?

निपाणीकर: हास्यचित्रकार शि. द. फडणीसांचा जन्म आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावचा (1925), म्हणून वाचनालयाच्या अंकात त्यांच्या चित्रसंग्रहावर 300 शब्द द्यायचेत. चित्रात शब्दच नाहीत, लिहू काय वो?

खडेबाजार: चित्रातली गोष्ट सांगत बसू नका, विनोद तिथंच मरतो. दोनच चित्रं घ्या. नजर आधी कुठं जाते, विसंगती किती उशिरा दिसते, कुठली रेष गाळलीय, हे लिहा. ‘खुसखुशीत’ शब्दाला बंदी!

टिळकवाडी: छपाईही बघा. रंगीत चित्र काळं-पांढरं छापलं तर रंगावर बेतलेली गंमत हरवते. दोन पानांवर पसरलेल्या चित्राचा मधला भाग बांधणीत जातो. हे दोष चित्रकाराच्या माथी नकोत.

निपाणीकर: सोबत चित्र छापू?

खडेबाजार: एकच, परवानगी घेऊन. ज्यावर लिहिलंय तेच.