हॉस्पिसमधल्या सिस्टरांचे आभार कसे मानू? साड्या द्याव्यात का?

फोंडेकरीण:
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात बाबांचं वर्षश्राद्ध आहे. स्वादुपिंडाचा कर्करोग होता, शेवटचे 19 दिवस हॉस्पिसमध्ये काढले, म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णांची शेवटपर्यंत काळजी घेतात तिथे. भटजी, जेवण सगळं ठरलंय, पण तिथल्या सिस्टर आणि दर मंगळवारी येणारे एक काका राहून राहून आठवतात. भाऊ म्हणतो, सगळ्यांना साड्या आणि काजूगरांची पाकिटं देऊन टाकू. मला ते लग्नाच्या आहेरासारखं वाटतंय.

एकच प्रसंग सांगते. बाबांना पहाटे चारला चहा लागायचा. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजायच्या आत दोन कप व्हायचे, जन्मभराची सवय. हॉस्पिसमध्ये गिळणं बंद झालं तरी चारला डोळे उघडून "चहा" म्हणायचे. एकदा मी वैतागून बोलले, "बाबा, ठसका लागेल, नाही मिळायचा." रात्रपाळीच्या सिस्टरने ते ऐकलं. मला काही बोलली नाही. चहा करून आणला, वाटीत निववला, हातमोजा घातलेल्या बोटाला गॉज गुंडाळून त्यात बुडवला, पिळला आणि बाबांच्या ओठांवरून, गालाच्या आतून हळू फिरवला. बाबा म्हणाले, "साखर कमी." ती उठली आणि साखर घालून आली.

मी तिला साधं थँक्यूसुद्धा म्हटलं नाही. नावही आठवत नाही, ह्याची लाज वाटते.

डिचोलीचा_मास्तर:
बाय, निवृत्तीनंतर चार वर्षं मी दर गुरुवारी अशाच एका ठिकाणी जातो. दाढ्या करतो, नखं कापतो, पेपर वाचून दाखवतो. पुष्कळदा नुसता बसतो. पहिले दोन महिने नुसतं बसणंच जमत नव्हतं. मास्तरकीची जीभ, गप्प राहवेना.

साड्या शक्यतो टाळा. आमच्याकडे वैयक्तिक भेट घेतच नाहीत. आधी फोन करून विचारा, "सध्या काय संपलंय?" बहुतेक वेळा उत्तर येतं डायपर, हातमोजे, मऊ सुती चादरी. दर दोन तासांनी कूस बदलायची तर चादरी किती लागतात ते बघितल्याशिवाय कळत नाही. जुन्या सुती साड्या मात्र चालतात, स्वच्छ धुऊन द्यायच्या.

पैसे द्यायचे असतील तर संस्थेच्या नावाने पावती घेऊन द्या. देशातलं पहिलं हॉस्पिस, शांती आवेदना सदन, 1986 साली मुंबईत वांद्र्याला निघालं. आपल्याकडे गोव्यात लोटलीला आहे ते त्यांचंच. रुग्णाकडून पैसे घेत नाहीत, देणग्यांवर चालतं. आणि एक अनुभव: दिवाळीला फराळ आणि नाताळाला केक ठेवायला जागा नसते, भर पावसात जुलै-ऑगस्टला कुणी फिरकत नाही. तेव्हा जा.

रात्रपाळी_मडगाव:
मी नर्स. सहा वर्षं हॉस्पिसमध्ये काम केलं, आता दुसरीकडे आहे.

माणूस गेला की आम्ही बेड पुसतो, चादर बदलतो, संध्याकाळी दुसरा पेशंट येतो. घरच्यांचं पुढे काय झालं ते कधी कळत नाही. तुम्ही चहाचं इथे लिहिलंत ना, तस्संच कागदावर लिहून पाठवा. "आपण देवदूत आहात" वगैरे नको, तसल्या कार्डांनी कपाट भरलं होतं आमचं. "साखर कमी" हे शब्द हवेत. तारीख घाला, ड्युटी रजिस्टरवरून कोण होती ते निघेल.

दुसरं, श्राद्धाला नातेवाईक जमतील. कुणीतरी हमखास म्हणेल, "तिथे मॉर्फीन देऊन झोपवतात." तेव्हा गप्प राहू नका. मॉर्फीन हे तीव्र दुखण्यावरचं औषध. त्याची साधी गोळी चार-चार तासांनी देतात, कारण असर साधारण तेवढाच टिकतो. मात्रा दुखण्याप्रमाणे थोडी-थोडी वाढवायची आणि पोट साफ राहायचं औषध सोबत द्यायचंच, कारण मॉर्फीनने हटकून बद्धकोष्ठ होतो. 2014 साली कायदा बदलून हे औषध मिळणं सोपं केलं, पण लोकांच्या मनातली भीती कायद्याने जात नाही. ती ऐकून घ्यावी लागते सिस्टरला, रात्री दोनला, कॉरिडॉरमध्ये. जखमेला वास येऊ नये म्हणून आम्ही मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या कुटून वर भुरभुरायचो. पाहुणे येऊन म्हणायचे, "छान आहे, वासबिस नाही." बस्स, तेवढंच.

म्हापसेकर72:
सगळे साडीच्या मागे का लागलेत? माझी बायको अशाच ठिकाणी आया आहे. पत्र सिस्टरला जातं, देणगी संस्थेला जाते, गू-मूत काढणाऱ्या बाईला काय? तिथे चालत असेल तर साडी द्या, आणि द्याल तर आयांना आणि रांधपिणीलाही द्या. नाहीतर कुणालाच नको.

डिचोलीचा_मास्तर:
म्हापसेकर, मान्य. माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

फोंडेकरीण:
सगळ्यांचे आभार. तारीख सापडली, त्या पहाटेचा वाटीचा फोटो मोबाईलमध्ये आहे, 4:22 चा. पत्र लिहायला घेतलंय. वरती सगळ्यांच्या आधी आयांचा उल्लेख करते. साड्यांचं फोन करून विचारेन. जायचं ऑगस्टमध्ये.

मंगळवारच्या काकांचं राहिलं. बाबा आमच्या जत्रेच्या नाटकात प्रॉम्प्टर होते, 40 वर्षं विंगेत उभे. काका सासष्टीचे, त्यांना देवनागरी येत नाही. बाबा पाठ असलेले संवाद हळूहळू म्हणायचे, काका ते रोमी लिपीत, म्हणजे इंग्रजी अक्षरांत, वहीत उतरवायचे. शेवटच्या मंगळवारी बाबा मध्येच अडकले, तर काकांनीच वहीत बघून पुढचं वाक्य सांगितलं. उच्चार असा काही निघाला की बाबा हसले.

ती वही काकांकडेच आहे. मागू का?

रात्रपाळी_मडगाव:
नको. पण एका मंगळवारी जा आणि त्यांच्याकडून वाचून घ्या.