मदत हवी आहे: यूकेत लॅबमधली नोकरी सांभाळून टॉप-अप की पूर्ण डिग्री?

नमस्कार मंडळी. पुण्यातून मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी केलंय. सध्या इंग्लंडमध्ये एनएचएसच्या (इथली सरकारी आरोग्यसेवा) पॅथॉलॉजी लॅबमध्ये असिस्टंट आहे. सॅम्पल घेणं, सेंट्रिफ्यूज, अॅनालायझरवर लोड करणं, सगळं मनापासून आवडतं. पण रिपोर्टवर निर्णय घेणारं काम करायचंय, आणि त्यासाठी बायोमेडिकल सायंटिस्ट म्हणून एचसीपीसीची (आरोग्य व्यावसायिकांची नोंदणी ठेवणारी यूकेतली संस्था) नोंदणी लागतेच. त्याशिवाय ते पदनाम लावणंही बेकायदा आहे.

आयबीएमएसकडून (बायोमेडिकल सायंटिस्टांची व्यावसायिक संस्था) डिग्री तपासून घेतली. क्लिनिकल बायोकेमिस्ट्री आणि रक्तसंक्रमणाचे विषय कमी पडतात म्हणे. ते टॉप-अप मॉड्यूल्स म्हणून पार्ट-टाइम करता येतात, फी मात्र स्वतःच्या खिशातून. दुसरा रस्ता हेल्थकेअर सायन्सच्या डिग्री अप्रेंटिसशिपचा, म्हणजे नोकरी करत करत डिग्री घ्यायची. त्यात फी भरावी लागत नाही, पगार चालू राहतो, पण पुन्हा पहिल्यापासून शिकायचं. आधीची डिग्री असताना त्यात घेतात का?

मला टॉप-अपच बरं वाटतं. खरी काळजी ट्रेनिंग पोर्टफोलिओची आहे, म्हणजे नोंदणीसाठी लागणाऱ्या, लॅबमधल्या कामाच्या पुराव्यांच्या फाइलची. तो मान्यताप्राप्त लॅबमध्येच पूर्ण करावा लागतो आणि मॅनेजर म्हणतात, ट्रेनीची जागा निघेल तेव्हा बघू. मॉड्यूल्स चालू असतानाच कुणी पोर्टफोलिओ सुरू केलाय का? मॅनेजरांशी कसं बोललात? नाइट शिफ्ट, घरी लहान मूल आणि असाइनमेंट हे सगळं कसं बसवलंत, तेही सविस्तर सांगा. ज्यांनी हे केलंय त्यांच्याशी फोनवर बोलायलाही आवडेल.